गायरान द्यायचं की गावानं कसायचं? ग्रामसभेत हात वर करण्याआधी हा हिशोब मांडा

विश्लेषण

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या तालुक्यांतल्या ग्रामसभांमध्ये एक विषय हमखास येतोय. गावचं गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं का? विषयपत्रिकेवर तो बहुतेक वेळा शेवटी असतो. "ऐनवेळी येणारे विषय" याच्या थोडा वर. तोपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात. उरलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, पडीकच तर आहे, बाभळी अन् दगडधोंडे, द्या टाकून. हात वर होतात, ठराव होतो.

काही गावांत उलटंही झालंय. लोक मोजणीच्या गाडीपुढे आडवे झाले. जनावरं कुठं न्यायची, म्हणून बायाबापड्या पुढे आल्या. पण तिथंही प्रश्न राहतोच. नाही म्हणालात, ठीक. मग त्या जमिनीचं करणार काय? पुन्हा बाभळीच ना?

या दोन टोकांच्या मध्ये तिसरा रस्ता आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. गावच्या मालकीची जमीन गावातल्याच भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांनी मिळून कसायची. देशात हे झालेलं आहे, होतंय, आणि त्याचे फायदे-तोटे दोन्ही समोर आहेत. ते वाचून मग काय तो हात वर करा, एवढंच सांगणं आहे.

गायरान नेमकं कुणाचं?

आधी कागदाचं बघू, कारण इथंच सगळा घोळ असतो. आपण बोलताना सगळ्यालाच "पंचायतीची जमीन" म्हणतो, पण त्यात फरक आहे.

सातबाऱ्यावर गायरानाची मालकी शासनाची असते. गुरचरणासाठी ती राखून ठेवलेली असते आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. म्हणजे पंचायत राखणदार आहे, पाहिजे तशी विकायला मोकळी नाही. दुसरी जमीन म्हणजे पंचायतीनं विकत घेतलेली, कुणी दान दिलेली किंवा शासनानं तिच्याकडे सोपवलेली. हिच्यावर पंचायतीचा अधिकार जास्त चालतो, भाडेपट्ट्यानं देता येते. फक्त लांब मुदतीचा करार असेल तर वरून मंजुरी लागते. तिसरी म्हणजे गावठाणातली मोकळी जागा. एखादा-दीड एकर असते, पण पाण्याजवळ असते.

आता गायरानावर एवढी कडक बंधनं आली कुठून? तर पंजाबातून. पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावात काही लोकांनी गावतळ्याची जागा बुजवून घरं बांधली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालयानं निकाल दिला की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा आणि ती जमीन गावाच्या सामाईक वापरासाठी परत द्या. सगळ्या राज्यांना तशी योजना करायला सांगितलं. त्यावरून आपल्या सरकारनं १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला. तलाठी-तहसीलदार गायरानाचा विषय निघाला की ज्या निर्णयाकडे बोट दाखवतात, तो हाच. पुढे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसा गेल्या. ज्यांची घरं तिथं आहेत त्यांची झोप उडाली ती तेव्हापासून.

त्या निकालातला एक भाग मात्र कुणी वाचून दाखवत नाही. न्यायालयानं अपवादही सांगितलेत. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्ट्यानं दिलेली जमीन, किंवा जिथं आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय उभी आहे, अशा मोजक्या बाबतीत विचार करता येतो. म्हणजे धनदांडग्यानं तारेचं कुंपण घालून हडपलेली वीस एकर आणि भूमिहीनाला रीतसर पट्ट्यानं मिळालेली दोन एकर, या दोन गोष्टी न्यायालयानंही एका तागडीत तोललेल्या नाहीत.

आपल्या राज्यातही हा इतिहास जुना आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोक हजारोंनी तुरुंगात गेले. मागणी हीच होती, पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. नंतर १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं अटी घालून कायम करायचा निर्णय झाला. मराठवाड्यात गायरान हक्काची चळवळ उभी राहिली. आज त्यातल्या कितीतरी कुटुंबांचा कागद अजून पूर्ण झालेला नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सौरचा हिशोब

सौर प्रकल्पाला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. रात्री दोन वाजता पाणी द्यायला मोटार चालू करायला जाणाऱ्याला विचारा दिवसा विजेची किंमत. विंचू-साप, बिबट्या, थंडी, सगळं त्यात आलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ पासून त्यासाठीच राबवली जातेय. उपकेंद्राजवळ जमीन घ्यायची, तिथं वीज तयार करायची आणि शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. कल्पना चांगलीच आहे.

पण जमिनीचा भाव कसा लावलाय ते बघा. खासगी शेतकऱ्यानं जमीन दिली तर योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आहे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. गायरान किंवा सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं जाते. त्या बदल्यात ग्रामपंचायतीला विकासकामांसाठी वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं, म्हणजे एकूण १५ लाख रुपये प्रोत्साहन.

एक उदाहरण धरू. गावचं २० एकर, म्हणजे ८ हेक्टर गायरान आहे. हीच जमीन एखाद्या शेतकऱ्याची असती तर पहिल्याच वर्षी त्याला १० लाख रुपये भाडं मिळालं असतं आणि ते पंचवीस वर्षं वाढत गेलं असतं. गावाची आहे म्हणून तीन वर्षांत १५ लाख मिळून विषय संपला. चौथ्या वर्षापासून जमीन अडकलेली आणि गावाच्या हातात काही नाही.

आता दिवसा वीज मिळते ती कुणाला? ज्याच्याकडे विहीर-बोअर आहे, मोटार आहे, त्याला. ती मिळायलाच पाहिजे, तो काही शत्रू नाही. पण ज्या म्हातारीच्या दोन शेळ्या त्या गायरानावर चरत होत्या, तिच्याकडे मोटार नाही. तिची शेळी गेली आणि शेजाऱ्याला दिवसा वीज आली. मिळणार किती, हे तर ग्रामसभेत विचाराच, पण कुणाच्या घरात जाणार आणि कुणाच्या घरातून जाणार, हेही त्याच दमात विचारा.

संगरूरमध्ये काय झालं

हाच प्रश्न पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातल्या दलित मजुरांनी विचारला आणि त्यातून देशातली बहुधा सगळ्यात बोलकी सामुदायिक शेती उभी राहिली.

पंजाबात गावच्या सामाईक जमिनीला शामलात म्हणतात. आपल्या गायरानासारखीच, फक्त तिथली बरीच जमीन कसदार, पाण्याखालची. १९६१ चा तिथला कायदा आणि १९६४ चे नियम सांगतात की पंचायतीची ही शेतजमीन दरवर्षी लिलावानं भाड्यानं द्यायची आणि त्यातली एक तृतीयांश अनुसूचित जातीच्या लोकांसाठी राखून ठेवायची. पंजाबात जवळपास ३२ टक्के लोक अनुसूचित जातीचे आहेत, देशात सगळ्यात जास्त. आणि शेतजमीन त्यांच्याकडे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्यांच्या घामावर ती हरितक्रांती उभी राहिली, त्यांच्या नावावर बांधसुद्धा नाही.

कागदावर एक तृतीयांश जमीन राखीव, पण प्रत्यक्षात काय व्हायचं? मोठा जमीनदार आपल्याच सालगड्याला लिलावात उभं करायचा. बोली गड्याच्या नावानं, पैसे मालकाचे, पीक मालकाच्या खळ्यात. गड्याला थोडेफार पैसे, नाहीतर नुसती शाबासकी. आपल्याकडे राखीव जागेवर कुणाला उभं करून सही कोण करतं, हे बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

२००८ च्या सुमाराला धुरी भागातल्या बेनडा गावात दलित कुटुंबांनी हे मोडलं. राखीव वाट्याची जवळपास नऊ एकर जमीन त्यांनी एकत्र येऊन घेतली आणि मिळून कसायला लागले. पुढे २०१४ मध्ये जमीन प्राप्ती संघर्ष समिती स्थापन झाली आणि भवानीगडजवळच्या बलद कलां गावात मोठा लढा झाला. रस्ता रोको, लाठीमार, तुरुंग, सगळं झालं. शेवटी शंभरावर एकर जमीन तिथल्या दलित कुटुंबांनी एकत्रितपणे घेतली. नंतर आजूबाजूच्या कितीतरी गावांत हेच लोण गेलं.

ही शेती चालते कशी, हे आपल्या कामाचं आहे. लिलावाला सगळे मिळून एकच बोली लावतात. आपसात चढाओढ नाही, त्यामुळे भाडं आवाक्यात राहतं. प्रत्येक कुटुंब ऐपतीप्रमाणे वर्गणी काढतं. समिती निवडली जाते, ती पेरणी, खत, मजुरी, विक्री बघते. बाकी क्षेत्रात गहू आणि भात. पण जमिनीचा एक तुकडा हिरव्या चाऱ्यासाठी राखलेला असतो आणि तो चारा घरागणिक वाटला जातो. वर्षाअखेर खर्च-भाडं वजा जाता उरलेलं धान्य किंवा पैसे वाटून घ्यायचे.

तिथं जाऊन ज्यांनी ज्यांनी लिहिलंय, त्यांना बायकांनी सगळ्यात आधी सांगितलं ते त्या चाऱ्याबद्दल. आधी त्यांना गवत कापायला जमीनदाराच्या बांधावर जावं लागायचं. शिव्या, टोमणे, हात धरण्यापर्यंत मजल. भारा उचलून घेतला तर चोर म्हणायचे. आता स्वतःच्या वाट्याच्या जमिनीतून भारा आणतात. त्या भाऱ्याला बाजारात फार तर पन्नास-शंभर रुपये येतील. पण तो आणायला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही, याचा भाव कुठल्या लिलावात लावणार?

मजुरीचंही तसंच. घरात चारा आहे, दोन-चार पोती गहू आहे, म्हटल्यावर माणूस पडेल त्या मजुरीला हो म्हणत नाही. थोडा ताठ उभा राहतो. गावातल्या मोठ्यांना नेमकं हेच खुपलं असावं. काही गावांत दलितांवर बहिष्कार टाकले गेले, दुकानातून सामान द्यायचं नाही, कामाला बोलवायचं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये झलूर गावात हल्ला झाला, त्यात जखमी झालेल्या एका वृद्ध महिलेचा पुढे मृत्यू झाला. पंचायतीच्या जमिनीच्या तुकड्यासाठी जीव गेला. पडीक जमिनीसाठी कुणी कुणाला मारत नाही, म्हणजे त्या जमिनीला किंमत आहे हे मारणाऱ्यालाही ठाऊक होतं.

एकत्र कसलं तर पिकतं का?

आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप असतो, "सामाईक विहिरीचं पाणी दोन भावांत वाटता येत नाही, वीस घरं शेती काय करणार?" आक्षेप खोटा नाही. म्हणून आकड्यांकडे बघू.

केरळात कुडुंबश्री ही महिलांची चळवळ १९९८ पासून चालू आहे, आपल्याकडच्या बचत गटांसारखी. तिथं चार ते दहा बायकांचे गट जमीन भाड्यानं घेतात आणि मिळून कसतात. भाजीपाला, केळी, भात. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी केरळ आणि तेलंगणात गटशेती आणि एकट्या कुटुंबाची शेती यांची तुलना केली, २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. केरळात गटांचं हेक्टरी वार्षिक उत्पादन, रुपयांत, एकट्या शेतकऱ्यांच्या १.८ पट निघालं. आणि एका शेतामागचा निव्वळ नफा सरासरी पाच पट.

तेलंगणात मात्र गटांचं उत्पादन एकट्या शेतकऱ्यांपेक्षा कमी भरलं. तरी निव्वळ उत्पन्नात ते बरोबरीत राहिले, कारण मजुरी बाहेर द्यावी लागली नाही, घरचेच हात होते. म्हणजे एकत्र आलं की जादू होते असं नाही. केरळात गटांमागे बँकेचं कर्ज होतं, प्रशिक्षण होतं, पंचायतीची आणि कुडुंबश्रीची साथ होती. गट छोटा होता, एकमेकींना ओळखणारा. जिथं हे नव्हतं तिथं पीक मार खाल्लं.

आपल्या सरकारनंही २०१७ मध्ये गटशेतीची योजना आणली होती. पण तिची अट होती किमान २० शेतकरी आणि १०० एकर सलग क्षेत्र. म्हणजे आधी जमीन पाहिजे. ज्याच्याकडे गुंठाही नाही तो या गटात बसणार कुठं? त्याच्यासाठी गावची जमीन हीच एक जागा उरते.

आपल्याकडे काय जमेल, काय नाही

आता पंजाबची नक्कल इथं होणार नाही, हे सरळ सांगतो. आपलं गायरान म्हणजे मुरूम, माळ, उतार. पाणी नाही. तिथं गहू-भात सोडा, सोयाबीनसुद्धा धड येत नाही. शिवाय कायद्यानं ती जागा गुरचरणाची. तिथं कुणी खासगी पीक घेऊ लागलं तर ते अतिक्रमणातच जाणार.

पण चारा? तो तर त्या जमिनीचा मूळ उद्देशच आहे. स्टायलो, अंजन, मारवेल अशी गवतं माळावर येतात. बांधाला शेवरी, सुबाभूळ. सलग समपातळी चर काढले, तीन वर्षं जनावरं आत सोडली नाहीत, गवत कापूनच आणायचं असं ठरवलं, तर माळ पालटतो. हिवरे बाजारनं हेच केलं. चराईबंदी केली, गवत कापून न्यायला मुभा दिली, आणि ज्या गावात चारा नव्हता तिथं दुधाचा धंदा उभा राहिला. त्याला जादूची कांडी लागली नाही, ठराव लागला आणि तो पाळायला लागला.

परत तेच २० एकर घेऊ. कोरडवाहू सुधारित गवताचं एकरी दीड टन वाळलेला चारा धरा. पाऊस बरा झाला तर जास्त, नाही झाला तर कमी. म्हणजे ३० टन. बंदिस्त शेळीला वर्षाला पाच क्विंटल धरला तर साठ शेळ्यांचा वाळका चारा निघाला. तीस भूमिहीन कुटुंबांना प्रत्येकी दोन शेळ्या. बाजारात हाच चारा किलोला ५ रुपये धरला तर वर्षाला दीड लाखाचा माल.

आता कुणी म्हणेल, सौरवाले वर्षाला ५ लाख देतात आणि तुम्ही दीड लाखाचं गवत सांगताय? बरोबर. पण ते ५ लाख तीनच वर्षं. गवताचे दीड लाख दरवर्षी. दहाव्या वर्षी दोन्ही १५ लाखांवर बरोबर येतात. सौरचा करार पंचवीस वर्षांचा असतो. पंचवीस वर्षांत गवताचे आजच्याच भावानं साडेसदतीस लाख होतात, आणि त्यात शेळ्यांची करडं, बोकडाचे पैसे, लेंडीखत धरलेलंच नाही. बकरीदेच्या आधी बोकडाला काय भाव येतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खर्च वजा करायचाच, चर, कुंपण, बियाणं, राखणदार. चर आणि लागवडीचं काम रोजगार हमीत बसवता येतं का, हे पंचायतीनं बघायचं.

दुसरा भाग म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या मालकीची जमीन. पाण्याच्या टाकीजवळ, जुन्या शाळेमागे, दान मिळालेली. अशा एक-दीड एकरात बचत गटाची भाजीपाला शेती होऊ शकते. "उमेद"च्या गटांनी परसबागा केल्याच आहेत, त्या घरामागे होतात तर इथं का नाही? अंगणवाडीला, शाळेच्या पोषण आहाराला गावातलीच मेथी-पालक-शेवगा गेला तर गटाला घरबसल्या गिऱ्हाईक आणि पोरांच्या ताटात ताजी भाजी. एखाद्या एकराला टाकीच्या वाहून जाणाऱ्या पाण्यावर नेपियर गवत लावलं तरी सात-आठ दुभत्या जनावरांची हिरव्या चाऱ्याची सोय होते. एका गाईला दिवसाला २० किलो धरला तर वर्षाला ७ हजार ३०० किलो लागतो. किलोला ३ रुपये म्हटलं तरी गाईमागे २२ हजारांच्या आसपास वाचतात.

कुठं फसतं

चांगल्या गोष्टी सांगून झाल्या. आता फसतं कुठं ते.

पहिलं, नावं एकाची आणि शेती दुसऱ्याची. पंजाबात जे सालगड्याच्या नावानं झालं ते आपल्याकडे बचत गटाच्या नावानं होऊ शकतं. गटाच्या अध्यक्षा म्हणून कुणाची बायको आहे, आणि खातं कोण वापरतं, हे गावाला माहीत असतंच. ते ग्रामसभेत बोललं गेलं पाहिजे.

दुसरं, हिशोब. वही उघडी नसेल तर दुसऱ्या हंगामात गट फुटतो. बियाणं कितीचं, विक्री कितीची, कुणाला किती, हे दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंगचे फोटो येतात, त्यात महिन्यातून एकदा हिशोबाच्या पानाचा फोटो आला तर काही बिघडत नाही.

तिसरं, मेंढपाळ. चराईबंदी केली की धनगर बांधवांच्या मेंढ्यांची वाट बंद होते. त्यांना विचारल्याशिवाय केलेली बंदी भांडणात संपते. काही भाग, काही महिने, त्यांच्यासाठी मोकळा ठेवायचा, हे आधीच ठरवावं लागतं.

चौथं आणि सगळ्यात नाजूक. गायरानावर आधीपासून राहणारी, कसणारी कुटुंबं. बहुतेक ठिकाणी ती दलित, पारधी, भटकी-विमुक्त आहेत. सामुदायिक शेतीच्या नावाखाली त्यांनाच उठवलं, तर ते गरिबाच्या ताटातलं काढून गरिबालाच वाढण्यासारखं आहे, आणि वाढणारा मात्र पुण्य घेऊन जाणार. १९९० च्या आधीचे पुरावे ज्यांच्याकडे आहेत त्यांची प्रकरणं आधी मार्गी लावा. गटात पहिली नावं त्यांची घ्या.

पाचवं, निवडणूक. सरपंच बदलला की मागच्याचं सगळं मोडायचं, ही आपली रीत. म्हणून तोंडी परवानगीवर शेती उभी करू नका. ठराव, करार, मुदत, सीमा, सगळं कागदावर.

ग्रामसभेला जाताना

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला पाहिजेत. आपल्याकडे त्या साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला धरल्या जातात. त्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. ती खरोखर होते की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, हे गावातल्या बायकांनीच सांगावं. चारा आणायला जाणारी तीच असते, म्हणून गायरानाचा विषय पहिल्यांदा तिथं निघाला पाहिजे.

जाताना एवढं सोबत न्या.

गायरानाचा सातबारा. मोबाईलवर निघतो. क्षेत्र किती, शेरा काय, ते बघा.

गाव नमुना एक-ई. ही अतिक्रमणाची नोंदवही, तलाठ्याकडे म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे असते. गरिबाचं नाव त्यात आहे आणि बड्याचं कुंपण नाही, असं दिसलं तर तिथंच विचारा.

पंचायतीच्या मालकीच्या जमिनींची यादी. ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याकडे नोंदवही असते. कुठली जमीन आज कुणाकडे, किती भाड्यानं, कधीपर्यंत, हे लेखी मागा.

आणि सौरचा प्रस्ताव असेल तर तीन प्रश्न. सगळं गायरान देताय की काही? उरलेल्यावर चाऱ्याचं काय नियोजन? मिळणाऱ्या १५ लाखांतले किती त्या नियोजनाला राखून ठेवणार? अर्धं गायरान प्रकल्पाला आणि त्याच पैशातून उरलेल्या अर्ध्यावर चर, कुंपण, गवत, असाही ठराव करता येतो. प्रकल्प आणि शेळी यांचं हाडवैर नाही. फक्त शेळीची बाजू मांडायला सभेत कुणीतरी असलं पाहिजे.

ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावासकट लिहायला लावा. आणि गायरानाचा विषय शेवटी ठेवला असेल, तर सभा सुरू होतानाच उभं राहून सांगा की हा विषय आधी घ्या. लोक उठून जायच्या आत.